शालनचे एकोणीस

परीक्षा आल्या हे मला कॅलेंडरनं सांगावं लागत नाही. सकाळी दूध आणायला खाली उतरलो की गेटपाशी पोरं दिसतात. बगलेत पॅड, हातात आरपार दिसणारं पाऊच, केसांना पाणी मारून पाडलेला भांग, आणि मागनं एखादी आई वाटीत दही-साखर घेऊन. पोरगं म्हणतं, "मम्मी, इथं नको ना!" आणि लगेच तोंड उघडतं. खाडीकडनं गरम वारा येतो, त्याला चिखलाचा वास असतो. रस्त्याकडेची झाडं एवढी पानं टाकतात की झाडूवाली वर बघून त्यांना शिव्या घालते. नेरूळचा मार्च म्हणजे हे. आणि मार्च म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा मेसेज. मुलांच्या परीक्षा आहेत, टीव्हीचा आवाज कमी ठेवावा, ज्येष्ठ सभासदांनी विशेष सहकार्य करावे.

ज्येष्ठ सभासद म्हणजे मी. बाकीचे ज्येष्ठ मालिका बघतात, त्यात सासू किंचाळते, पण त्यांना कुणी काही बोलत नाही. माझ्या घरातनं टुंई-टुंई-ट्यांव असा आवाज येतो, तो लोकांना टोचतो. कारण मी व्हिडिओ गेम खेळतो. बेसबॉलचा. जुना, कॅसेटवाला, पोट सुटलेल्या टीव्हीवर.

आवाज मी कमी करतो. पोरांच्या अभ्यासाच्या आड मी येणार नाही. पण खेळ बंद करणार नाही, हे इथंच सांगून ठेवतो.

माझी बायको शालन गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला गेली. अजून वर्ष व्हायचंय. आमच्यात वर्षभर घरात सण करत नाहीत, गोडाचं शिजवत नाहीत, ते मी पाळतो. पण लोकांना तेवढं पुरत नाही. बायको गेलेल्या म्हाताऱ्यानं माळ ओढावी, पोथी उघडावी, बागेतल्या बाकावर खाली बघत बसावं, असं त्यांचं ठरलेलं असतं. शालनचा भाऊ साताऱ्याहून फोन करून म्हणाला, "दाजी, लोक नावं ठेवतात. ताईला जाऊन वर्ष नाही झालं आणि तुम्ही व्हिडिओ गेम खेळता म्हणे."

मी म्हटलं, "म्हणे कशाला? खेळतोच."

"अहो, पण दुःख असतं माणसाला."

"मग मी काय सुख म्हणून खेळतोय का?"

त्यानं फोन ठेवला. त्याची चूक नाही. त्याला त्याची बहीण माहीत होती, शालन माहीत नव्हती.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा तो मार्च असाच तापलेला होता. रबाळ्याला आमच्या कंपनीच्या गेटला टाळं लागलेलं. मी तिथं प्रेसवर होतो, पत्र्याला आकार द्यायचं काम. सातवी नापास माणसाला त्या प्रेसनं उभं केलं होतं. आणि एका सकाळी गेलो तर गेट बंद, आत वॉचमन, तोही नवा. आम्ही बाहेर मांडव घालून बसायचो. सुरुवातीला घोषणा होत्या, मग नुसतं बसणं, मग पाळीपाळीनं बसणं. माझी पाळी नसेल त्या दिवशी मी घरी बसायचो, भिंतीला पाठ लावून. बोलायचो नाही. ताटावर बसायचो आणि भाताचा डोंगर करून तसाच उठायचो. काम गेलं की माणसाचे हात कुठं ठेवायचे हेच कळत नाही. मांडीवर ठेवले तर भिकाऱ्यासारखे वाटतात, डोक्याखाली घेतले तर आळशासारखे.

त्याच महिन्यात आमच्या महेशची दहावी. त्यानं हट्टानं घेतलेला व्हिडिओ गेम शालननं परीक्षेआधी उचलून माळ्यावर गाद्यांच्या मागं टाकला होता. पेपर संपेपर्यंत हात लावायचा नाही. पोरगं रडलं, चिडलं, मग गप अभ्यासाला लागलं.

पहिल्या पेपरला तो गेला. मी भिंतीला बसलेलो. शालन भाकरी थापून हात धुवून आली, मला बघितलं, आणि स्टूल ओढून माळ्यावर चढली. खाली उतरली ती गेम घेऊन. पदरानं धूळ पुसली.

मी म्हटलं, "पोराला बंदी घातलीस ना?"

"पोराला घातली. मला कोण घालणार? घ्या तो एक रिमोट."

"मला येत नाही."

"मला तरी कुठं येतंय? भिंत नासवताय बसून बसून. चुन्याला तुमच्या डोक्याचं तेल लागलंय."

कॅसेट फुंकून लावायची असते, एवढं तिनं महेशचं बघून ठेवलं होतं. फुंकली, लावली. हिरवं गवत आलं, त्यावर तांबडी माती, आणि टोप्या घातलेले बुटके. अक्षरं चिनी की जपानी, देव जाणे. आकडे मात्र आपले ओळखीचे इंग्रजी. बेसबॉल आम्ही बापजन्मात बघितला नव्हता. क्रिकेटच आहे, फक्त स्टंप चोरीला गेलेत, असं धरून आम्ही सुरू केलं.

नियम आम्ही आमचे लावले. तीन चेंडू सुटले की बाद, हे पटकन कळलं. चार वाकडे टाकले की समोरचा फुकट चालत पुढं जातो, हे कळायला दोन पेपर गेले. ते पळून ज्या पांढऱ्या ठोकळ्यावर जातात त्याला शालन 'घर' म्हणायची, सोंगट्यांच्या खेळातलं असतं तसं. "पहिलं घर धरलं. आता दुसरं." चारी घरं फिरून आला की रन. आणि चेंडू कुंपणापार गेला की आख्खी वरात घरी. त्याला होमरन म्हणतात हे आम्हाला नंतर महेशकडनं कळलं. शालनचा शब्द वेगळा होता. चेंडू वर गेला, लहान लहान होत कुंपणापार दिसेनासा झाला की ती ओरडायची, "गेला खाडीत!"

तिचा पहिला खाडीत गेलेला चेंडू मला आठवतो. मराठीच्या पेपराचा दिवस. मी जोरात टाकला होता. बटण खाली दाबून टाकला की जोरात जातो, वर दाबून टाकला की हळू, एवढं मला जमायला लागलं होतं. ती पाटावर बसलेली, एक गुडघा वर, रिमोट त्या गुडघ्यावर टेकवलेला. तिनं बॅट फिरवली आणि टीव्हीनं असा आवाज काढला की मला वाटलं बिघडला. चेंडू वर, वर, पडद्याच्याही बाहेर. मग नुसती त्याची सावली गवतावरनं सरकत गेली. कुंपण ओलांडलं. बुटका निवांत धावत चारी घरं फिरला, घाई नाही, जसा आपल्याच शेताला चक्कर मारतोय.

मी विचारलं, "कसं केलंस?"

म्हणाली, "पोळी फुगायच्या आधी उलटायची असते. फुगलेली दिसली म्हणजे उशीर झाला."

तिचं एवढंच शास्त्र. पण मी तिला लग्नाआधीपासून ऐकून होतो. ज्वारीच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर उभी राहून ही पोरगी गोफणीनं पाखरं उठवायची, आणि गावातली पोरं त्या बांधावरनं जायला भ्यायची. चौथीला शाळेतनं काढलेली. तिचा नेम लग्नानंतर वीस वर्षं फोडणीत आणि शिलाईमशीनच्या सुईत दोरा ओवण्यात गेला होता. त्या मार्चमध्ये तो बाहेर आला.

एकदा मध्येच लाईट डळमळली. पडदा अर्धा झाला, गवत निळं झालं, आणि तशात तिनं हाणला. चेंडू दिसतच नव्हता. आवाजावर हाणला म्हणाली. एकदा हिंदीच्या पेपराच्या दिवशी तिन्ही घरं भरलेली होती, मी मुद्दाम वाकडे टाकत होतो, ती फुकट चालत जायला तयार नव्हती. पुढं सरकून, बॅट लांब करून, बाहेर जाणारा चेंडू तिनं ओढून नेला खाडीत. चार बुटके एकामागं एक घरी आले. मी रिमोट आपटला. ती म्हणाली, "आपटा. तुमच्या पोराचाच आहे."

आता बघा, ज्या माणसाला आठवडाभर कुणी हाक मारली तरी ऐकू जात नव्हतं, त्यानं रिमोट आपटला. गेटला टाळं लागल्यावर मला पहिल्यांदा राग आला तो माझ्या बायकोच्या होमरनचा.

पण एक भानगड होती. आमचा डाव कधी पुरा व्हायचाच नाही. ती हाणत सुटायची, मी मागं पडायचो, आणि मध्येच काहीतरी जपानी अक्षरं यायची, टुंई-टुंई वाजायचं आणि सामना बंद. मी म्हटलं, ॲडॉप्टर गरम होतोय. हात लावला तर खरंच गरम. प्रेसवर मोटर तापली की मशीन आपोआप बंद पडायचं, तसंच हे, असं मी तिला समजावलं. ती "हो का?" म्हणाली. मग काय, ॲडॉप्टर आम्ही ओट्याच्या गार कडाप्प्यावर आणून ठेवला, वायर ताणून. त्याला ओलं फडकं लावायला निघालो होतो, शालननं हात धरला, "शॉक बसेल." मग मी पुठ्ठ्यानं वारा घालायचो. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात पुठ्ठा. शेजारच्या म्हात्रे वहिनी आतल्या उंबऱ्यावर बसून कोलंबी सोलत बघायच्या. त्या मूळच्या करावे गावच्या, आमच्या शेजारी भाड्यानं राहायच्या तेव्हा. म्हणायच्या, "भावजी, देवाला बी इतका वारा नाय घालत कोन."

वाऱ्यानं फरक पडला असं मला वाटलं. सामने लांबायला लागले.

शेवटचा पेपर भूगोलाचा. त्या दिवशी ती एकोणीसवर गेली. पडद्यावर तिच्या नावापुढं, म्हणजे तिचं नाव नव्हतं, ती निळ्या टोप्यांची बाजू, त्यापुढं एकोणीस. डाव पुरा झाला. नवव्या खेळीपर्यंत. जपानी अक्षरं आली पण ती वेगळीच होती, आणि टुंई-टुंईही वेगळं. तेवढ्यात बेल वाजली. महेश. मी दार उघडायला गेलो, कडी अडकल्याचं नाटक केलं, आणि आत शालननं प्लग ओढला, गेम पदराखाली घेतला. त्या जुन्या टीव्हीचं चित्र आक्रसून मधे एक पांढरा ठिपका व्हायचं. मी वळून बघितलं तेव्हा ठिपकाच राहिला होता. तिचे एकोणीस त्या ठिपक्यात गेले. पोरगं आत आलं, टीव्हीच्या पाठीला हात लावला, म्हणालं, "हा गरम कसा?"

शालन म्हणाली, "ऊन किती आहे बाहेर."

बस. तो हंगाम संपला. कंपनी पुन्हा उघडली, ती दुसऱ्याच मालकाची, अर्ध्याच लोकांना घेऊन. त्या अर्ध्यात मी होतो. दुपारी घरी असायचं कारण उरलं नाही. गेम महेशला परत मिळाला, मग त्याचं कॉलेज, मग तो पुन्हा माळ्यावर. म्हात्रे वहिनींचं करावेत स्वतःचं घर झालं, त्या तिकडं गेल्या. असंच असतं. पण शालन कधी मटार सोलताना एकदम म्हणायची, "एकोणीस." आणि मी म्हणायचो, "हो बाई, एकोणीस."

तिच्या तेराव्याला माणसं जमली होती. तिच्या नात्यातले एक गुरुजी उठून बोलले. छान बोलले. ताई म्हणजे सोशिकपणा, ताईनं कधी तोंडातनं शब्द काढला नाही, ताई म्हणजे दुसऱ्यांसाठी झिजणं. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. मला बसवेना. हे कुणाबद्दल बोलतायत? मी उठलो आणि म्हटलं, "तिनं बेसबॉलमध्ये एकोणीस केले होते."

सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. महेशनं माझा दंड धरून खाली बसवलं, पाणी दिलं. मी पाणी प्यालो. पण मी बरोबर बोललो होतो. सोशिक सगळ्याच असतात. आमच्या वेळच्या बायकांना दुसरं दुकानच उघडं नव्हतं. त्यात शालनचं असं काय? तिचं काय होतं तर ते एकोणीस होते. कुठं लिहिलेले नाहीत, कुठं छापलेले नाहीत, फोटो नाही. मी म्हणतो म्हणून आहेत. मी गेलो की तेही जाणार, आणि मग खाली काय उरणार? सोशिक.

म्हणून मी माळ्यावरनं गेम काढला. माळ्यावर चढलो त्याचंही घरात रामायण झालं, पडला असता तर वगैरे.

महेश आता उलव्याला राहतो, नवीन टॉवरमध्ये, सोळाव्या मजल्यावर. चांगला पोरगा आहे. मला तिकडं चला म्हणतो. त्यानं आपल्या मोठ्या टीव्हीला हा गेम लावूनही बघितला, काय काय वायरी जोडून. चित्र आलं. पण मी बटण दाबतोय आणि बॅट फिरतेय नंतर. तो नवा टीव्ही आधी विचार करतो आणि मग दाखवतो. तोवर चेंडू मागच्याच्या हातात. मी म्हटलं, "तुझा टीव्ही हुशार आहे, पण उशिरा जेवायला येणाऱ्या पाहुण्यासारखा आहे." मग पोटवालाच बरा.

नंतर एकदा तो इकडं आला होता तेव्हा त्यानं मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि जरा घोटाळत म्हणाला, "पप्पा, रागावू नका. त्या गेममध्ये दहा रनचा फरक पडला की मॅच आपोआप संपते. नियमच आहे तसा."

"नियम नाही, ॲडॉप्टर गरम होतो."

"पप्पा, ॲडॉप्टरचं काही नाही हो. आईचे एकोणीस व्हायला तुमचे दहा तरी झाले पाहिजेत. आणि तुम्हाला..."

"बोल."

"तुम्हाला बॅट लागते का कधी?"

त्याला बोललो, बरंच बोललो. तो गेल्यावर पंखा लावून ॲडॉप्टर गार केला, कॉम्प्युटरबरोबर खेळायला बसलो. मार खाल्ला. दहाचा फरक पडला, तीच जपानी अक्षरं आली, सामना बंद. ॲडॉप्टरला हात लावला. गार.

खरं सांगतो, बायको गेली त्या दिवशी जे झालं नाही ते त्या दुपारी झालं. मला मीच खोटा वाटायला लागलो. माझे दहा कुठनं आले असतील? कॉम्प्युटरसमोर मला एक रन होत नाही. माझे किती झाले ते मला आठवतही नव्हतं, आपल्या धावा कोण लक्षात ठेवतो, मी तिच्या ठेवल्या होत्या. मग एकोणीस झाले होते की म्हाताऱ्यानं मनानं वाढवले? नऊ असतील. शालन मटार सोलताना मला आवडतं म्हणून एकोणीस म्हणत असेल. गुरुजींचंच बरोबर असेल. मी टीव्ही बंद केला आणि होळीपर्यंत लावला नाही. सेक्रेटरीनं जिन्यात विचारलं, "बरं आहे ना काका?" मी म्हटलं, "बरं नाही. तुमचा जीव शांत झाला ना?"

होळीला आमच्या घरात पुरण नव्हतं, वर्षाच्या आतलं. अशा घरी पोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून द्यायच्या असतात. संध्याकाळी बेल वाजली तर म्हात्रे वहिनी. करावेहून रिक्षा करून, हातात डबा, दुसऱ्या हातात काठी. शालन गेली तेव्हा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना येता आलं नव्हतं. आल्या, बसल्या, फोटोकडं बघितलं, रडल्या. मग नाक पुसून खोलीभर बघितलं आणि म्हणाल्या, "अवो, तो खेल हाय अजून? शालनचा?"

मी म्हटलं, "वहिनी, एक विचारतो, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको. तिचे एकोणीस झाले होते का?"

"व्हते तर! भूगोलाच्या पेपराला. माझी कोलंबी करपली त्या दिवशी, यांनी ताट सारला." मग हसायला लागल्या. "आनि तुमचे दहा. तिनी दिल्ले तुमाला."

"दिले म्हणजे?"

"हलू हलू टाकाची ना चेंडू! तुमाला नाय कललं? मना सांगायची ती, वहिनी, ह्यांना मधी मधी रन दिले पायजेत, नायतर डाव मोडतो. दहाचा फरक पडला का मोडतो. तिनी शोधून काडला व्हता."

"आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो."

"घालू द्या म्हनाली. त्यांचं बी मन लागतं."

मी ॲडॉप्टरकडं बघत बसलो. वहिनींना वाटलं मी दुखावलो. त्या घाईनं म्हणाल्या, "भावजी, किती जीव तिचा तुमच्यावर. तुमी हरू नये म्हनून..."

मी म्हटलं, "वहिनी, ती आणखी काय म्हणाली होती? तेव्हा? आठवा."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली, आठवलं. "म्हनाली, मना एक डाव शेवटपर्यंत बघायचा हाय. शेवटाला काय व्हतं ते बघायचा हाय." आणि मग, "शेवटाला ते बुटके नाचले, तुमी दारावर गेलता. ती पन नाचली. रिमोट हातात धरून, एवढीशी. मंग प्लग काडला."

ती नाचली. मी कडी अडकल्याचं नाटक करत होतो आणि ती आत नाचली. एवढ्या वर्षांत मला बोलली नाही.

वहिनी गेल्यावर मी तिच्या फोटोशी भांडलो. मोठ्यानं. मला हळू टाकत होतीस? मला? मी जिवाच्या करारानं जोरात टाकत होतो, आणि तू मला दूधभातासारखे चेंडू भरवत होतीस? मी दहा धावांवर मिशीला ताव दिला असेल त्या दिवशी. मूर्ख! भांडता भांडता पोळी खाल्ली. तूप नव्हतं, तशीच खाल्ली.

मग डोकं शांत झालं तसं मला एक कळलं, आणि हे मी ठासून लिहितो, कारण हे वाचून गुरुजींसारखी माणसं डोळे पुसायला लागतील. बघा बघा, नवऱ्याचं मन राखायला कशी हरायला तयार झाली. तसं नाही. अजिबात नाही. ती हरली कुठं? एकोणीस-दहानं जिंकली. तिला शेवट बघायचा होता, मी मध्येच आटपत होतो, म्हणून तिनं मला लांबवलं, जसं आमटी कमी पडली की पाणी घालतात. नऊपर्यंत पुढं जायचं, थांबायचं, मला दोन-चार द्यायचे, परत सुटायचं. मशीनला फसवलं, मला फसवलं, पोराला फसवलं. ही सोशिक बाई नाही. ही गोफणवाली आहे. आणि त्यात माझं मन लागलं असेल तर लागलं, ते तिला वरकड मिळालं.

रविवारी महेश आला. त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडायला लागला, डोळे भरले. "आई तुमच्यासाठी..." म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "तिला शेवट बघायचा होता. बस समोर. निळे मी घेणार."

पाटावर तो मांडी घालून बसला, चाळिशीचा माणूस, पॅन्टची क्रीज सांभाळत. सुरुवातीला त्याला काही आठवेना, मग बोटांना आठवलं. त्याची बॅट लागायला लागली. दोन खाडीत गेले. आईचं अंग आहे, गुडघाही तसाच वर घेतो. माझी पाळी आली. त्यानं टाकला, मी फिरवली, लागला! पहिलं घर. पुढचा टाकला, परत लागला. दुसरं घर. मी खूश. तिसरा चेंडू आला तो असा आला जशी दुपारची झोप यावी. मला चेंडूवरच्या शिवणीचे टाके मोजता आले असते.

मी रिमोट खाली ठेवला.

"महेश."

"काय पप्पा?"

"हळू टाकतोयस."

"नाही हो..."

"अरे, कोण मेलंय म्हणून हळू टाकतोस?"

तोंडातनं गेलं. पडद्यावर बुटके जागच्या जागी उड्या मारत होते, त्यांना काय. महेशनं माझ्याकडं बघितलं, मी फोटोकडं, आणि मग त्याच्या नाकातनं हसू फुटलं. हसता हसता रडला, रडता रडता हसला, मीही तेच केलं. दाराच्या बाहेर कुणी असेल तर त्यानं काय ते समजावं.

"तिनं लांबवलं, तिला गरज होती," मी शर्टानं तोंड पुसत म्हटलं. "तुला शेवट बघायचाय का?"

"नाही. मला तुम्हाला हरवायचंय. माझ्या दहावीला तुम्ही दोघं माझा गेम खेळलात, मला न सांगता."

"हां. असं बोल. मग टाक."

त्यानं बटण खाली दाबलं. मला दिसलं, त्याचा अंगठा पांढरा झाला. चेंडू असा आला की मी बॅट फिरवायच्या आधी तो मागच्याच्या हातात वाजला. दुसराही गेला. तिसऱ्याला मी जोर लावून फिरवली, हवा कापली नुसती, माझा बुटका स्वतःभोवती गरकन फिरला. बाद. पुढचा बाद. त्याच्या पुढचाही.

थोड्या वेळानं दहाचा फरक पडला. टुंई-टुंई वाजलं, सामना बंद झाला. महेश माझ्याकडं बघत राहिला, जसा लहानपणी काच फोडल्यावर बघायचा.

"पप्पा, चहा टाकू?"

"चहा नंतर," मी म्हटलं. "परत लाव. आणि अजून जोरात टाक."